धसईच्या पावसाची वही

हवामानाचं मॉडेल मी संगणकावर चार प्रकारे चालवून पाहिलं; चारही वेळा धसईला पाऊस कमीच आला. खरंखोटं करायला तिथल्या पर्जन्यमापकाची वही होती. ती लिहिणारे काका घरी बसून आकडे भरत असणार, असा मला संशय होता. म्हणून न कळवता गेलो. ते उकिडवे बसून, एक डोळा मिटून काचेचं माप वाचत होते. आकडा दोनदा पुटपुटले, मगच लिहिला.

वहीत एक रकाना कोरा होता.

“गुरानं मापक पाडला त्या दिशी. नाय मोजला.”

“अंदाजे भरा ना काका, माझं काम अडलंय.”

“तुमी कंप्युटरात असंच भरता काय रे?”

त्यानंतर कितीदा गेलो, पण वही त्यांनी माझ्या हाती दिली नाही. स्वतः धरून वाचून दाखवतात, आणि नजर माझ्या पेनावर.