हत्ती सील आणि लिंबायतचं माहेर

माझी लेक पहिल्या बाळंतपणाला सुरतेला आली, हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते. लिंबायतमध्ये आमची दीड खोली. एका कोपऱ्यात साड्यांचे गठ्ठे, कारण मी घरी बसून साड्यांना स्टोन चिकटवते. दुसऱ्या कोपऱ्यात देव आणि फ्रिज. नवरा पलसाण्याला डाइंग मिलमध्ये. अशा खोलीला माहेर म्हणायला लोकांची जीभ वळत नाही.

आम्हा खानदेशी माणसांची रीतच तशी. जन्म सुरतेत काढायचा आणि गाव विचारलं की अमळनेरकडचं सांगायचं, मग तिथल्या घराला कुलूप का असेना. लेकीच्या डोहाळजेवणाला मी शिरपूरला तिच्या सासरी गेले, तेव्हा विहीणबाईंनी भरल्या बायकांत हेच काढलं. सुरत म्हणजे कामाची जागा, तिथं कसलं माहेर. गावचं घर बंद. तेव्हा बाळंतपण इथंच होऊ द्या, घर मोठं आहे, डॉक्टर ओळखीचे आहेत. बाई मनाने वाईट नाहीत, लेकीच्या काळजीनेच बोलत होत्या. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आईचा मान, आणि तो त्या माझ्या ताटातून उचलून नेत होत्या. लेकीच्या सासरी तोंड उघडायचं नाही म्हणून मी पुरणपोळीचा घास चावत बसले.

बोलली ती लेक. ती शाळेत विज्ञान शिकवते, आणि त्या आठवड्यात मुलांना हत्ती सील शिकवत होती. वर्गात उभी असल्यासारखी सुरू झाली. थंड समुद्रातला हा प्राणी. नराला सोंडेसारखं लोंबतं नाक असतं, म्हणून नाव हत्ती. वर्षातले कित्येक महिने तो खोल समुद्रात एकटा हिंडतो. पण पिल्लू व्हायची वेळ आली की मादी इतका समुद्र कापून किनाऱ्यावर येते, आणि बहुधा त्याच किनाऱ्यावर, जिथं ती स्वतः जन्मली. तिथं जागा आहे की गर्दी, हे ती बघत नाही.

मग सासूकडे वळून म्हणाली, "मना जलम सुरतना. मना लेकरूना बी तठेच व्हई."

विहीणबाईंनी तो मासा आहे का विचारलं. लेक म्हणाली, मासा नाही, आपल्यासारखी अंगावर पाजणारी आहे. मी दुसरी पोळी मागून घेतली.

सुरतेला आल्यावर दुपारी स्टोन चिकटवता चिकटवता मी तिच्या मोबाईलवर ते सील बघायचे. नर आधी येतात आणि किनाऱ्यासाठी छाती आपटून रक्त निघेपर्यंत भांडतात. जिंकेल त्याच्याभोवती माद्यांचा घोळका, बाकीचे कडेला फुरफुरत बसतात. आमचे हे बघून म्हणाले, फार मेहनत आहे. मी म्हटलं, तुम्ही कडेच्यांतले, तरी तुमचं जमलं.

मादी किनाऱ्यावर आली की थोड्याच दिवसांत विते. एकच पिल्लू, काळंभोर. महिनाभर ती त्याला पाजते, आणि तेवढे दिवस तोंडात घास घेत नाही. अंगावरची चरबी आटवून दूध करते. इकडे पिल्लू फुगून गोणी होतं. मी डिंकाचे लाडू वळत होते, माझा हातच थांबला. बाळंतिणीला उपाशी ठेवणारा हा कुठला देश, असं मी रागानेच विचारलं. पुढचं ऐकून तर आणखी चिडले. महिना झाला की मादी नराशी जुळते, पुढचा गर्भ घेते आणि पिल्लाला टाकून समुद्रात निघून जाते. पिल्लू एकटं किनाऱ्यावर राहतं, उथळ पाण्यात आपलं आपण पोहायला शिकतं आणि एक दिवस भुकेने समुद्रात शिरतं.

लेक म्हणाली, "माय, ती टाकी देत नही. तिनं सगळं दी टाकेल ऱ्हास."

खरंच, सगळं देऊन झाल्यावर उभं राहायला उरतं काय. त्या जाड्या बाईबद्दल माझ्या मनात तेव्हापासून आदर आहे.

थंडीत लेकीला मुलगी झाली. गल्लीतल्या बायकांनी आळीपाळीने शेपूची भाजी, भाकरी, अळिवाची खीर आणली. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती, आणि मला ती खोली कधी एवढी मोठी वाटली नव्हती. अभिमानाने माझी मान आखडली म्हटलं तरी चालेल.

बारशाला विहीणबाई आल्या. गठ्ठ्यांना टेकून, नात मांडीवर घेऊन बराच वेळ बसल्या. मला वाटलं, आता खोलीवरून काहीतरी निघणार. पण त्यांच्या डोक्यात ते सील शिरले होते. नातीचं माहेर शिरपूर, तिनं बाळंतपणाला आपल्याच घरी यायला हवं, हा त्यांचा हिशोब. पण पोर जन्मली सुरतेत, म्हणजे तो चुकतो आहे, हे त्यांना आत्ता उमगलं होतं. अगदी पडल्या आवाजात त्यांनी मला विचारलं, "म्हंजे हाई बी मोठी व्हईसनी बायतपणले सुरतलेच येई का?"

मला हसू आलं नाही. त्यांच्या मांडीवरच्या पोरीचं टोपडं नीट करत मी म्हटलं, "येऊ द्या, ताई. तुम्ही बी या. मी जागा करी ठेवसू."