पोलिकार्पियोचा शेवगा आणि लुदिविनाचा मायाळू

पोलिकार्पियो न्हाव्याने आयुष्यात कुणाबद्दल बरा शब्द काढला असेल, तर तो आपल्या शेवग्याबद्दल. माणसांवर त्याने ती मेहेरबानी कधी केली नाही. फिलिपिन्समधल्या पनाय बेटाच्या किनाऱ्यावरच्या गावात रस्त्याकडेला त्याचं बांबूचं घर, घरापुढे शेवगा आणि शेवग्याखाली लोखंडी खुर्ची. गिऱ्हाइकाचं डोकं हातात आलं की तो आधी त्याचा पाणउतारा करी, मग कात्री चालवी. "हे केस आहेत की भातातलं तण?" किंवा, "तुझ्या बापाचं डोकंही असंच होतं, बाहेरून मोठं नि आतून ऐसपैस." लोक निमूट ऐकून घेत. गावात दुसरा न्हावी नव्हता, आणि उठताना शेवग्याची एखादी फांदी घरी नेता येई.

शेवग्याचा पाला तिथे कुणी विकत घेत नाही. ज्याच्या दारात झाड, त्याच्याकडे मागायचा. पोलिकार्पियो आकडीने फांदी ओढून हातात देई, पण वर दोन टोमणे हाणल्याशिवाय नाही. "दारात एक काडी खोचता येत नाही तुम्हाला? ओरबाडा, म्हाताऱ्याचं झाड ओरबाडा!" बायका हसत फांदी घेऊन जात. त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. त्याच्या फाटकाशी जे कुणी येई ते केसांसाठी, नाहीतर पाल्यासाठी. नुसतं त्याला भेटायला कोण येणार? ज्याला अपमानाची हौस असेल तो.

शेजारचं घर बरीच वर्षं बंद होतं. ते लुदिविनाने उघडलं. हाँगकाँगमध्ये परक्यांची घरं झाडूनपुसून, परक्यांची पोरं वाढवून ती परतली होती. मालकिणींपुढे इतकी वर्षं मिटून ठेवलेलं तोंड आता तिने मोकळं सोडलं होतं. आल्या आठवड्यात तिने बाजारातून मायाळूची जुडी आणली, पानं शिजवली आणि उरलेले जांभळे देठ फेकून न देता कुंपणाशी खोचले. वर बांबूच्या काठ्या बांधल्या. बघता बघता वेलाने अख्खं कुंपण गिळलं. जाड, तुकतुकीत, तळहाताएवढी पानं.

पोलिकार्पियोच्या डोळ्यांत ते सलू लागलं.

"काय गं दाय," एका सकाळी त्याने कुंपणापलीकडे आवाज टाकला, "कुंपणाला शेंबूड लावलायस का? शिजवल्यावर तर नाकातून आल्यासारखाच लागतो."

"हा शेंबूड तांदूळ धुवायच्या आत शिजतो, नोंग," लुदिविना पानं खुडत म्हणाली. धाकट्या बाईला दाय आणि थोरल्या पुरुषाला नोंग म्हणायचं, ही तिथली रीत भांडणातही सुटत नाही. "तुमचा पाला निवडता निवडता दिवस मावळतो, आणि एवढं करून दातांत अडकतात त्या काड्याच."

"शेवगा आपल्या पायांवर उभा असतो. तुझ्या वेलाला टेकायला काठी लागते, रोज पाणी लागतं. एक दिवस विसरलीस तर मान टाकतो."

"उभा म्हणे! वारा सुटला की कडाड्! तुमच्या झाडावर कावळासुद्धा जीव मुठीत धरून बसतो. शिवाय गिऱ्हाइकाच्या मानेवर सुरवंट पडतात ते वेगळेच."

खुर्चीत एल्पिदियो बसला होता. तो तीनचाकी चालवायचा. त्याला हसू आवरेना. "पण नोंग, आमच्या घरी भाजीच्या रश्शात दोन्ही घालतात."

"तू गप्प बस, नाहीतर रश्शात तुझा कानही घालतील."

बोलण्यात कोण जिंकलं हे महत्त्वाचं नव्हतं. बायकांनी आपला निकाल पायांनी दिला. मायाळू कुंपणावर हाताशी होता, निवडायची कटकट नव्हती, आणि लुदिविना टोमणे मारायची ते घेणाऱ्याला नव्हे, पोलिकार्पियोला, म्हणजे वर करमणूकही फुकट. हळूहळू पाल्यासाठी फाटकाशी येणारं कुणी उरलं नाही. खालच्या फांद्यांवरचा पाला जून होऊन पिवळा पडू लागला. "आळशी गाव," पोलिकार्पियो गिऱ्हाइकांना सांगे. "चावायचासुद्धा कंटाळा. उद्या भात कुणीतरी चावून भरवावा म्हणतील." पण हे सांगताना त्याची नजर रस्त्यावर असे.

पावसाळा सरता सरता लुदिविनाची मुलगी रोसाविला आईकडेच बाळंत झाली. मुलगा झाला. पण तिला दूध येईना. बाळाचं रडणं सगळ्या आळीला ऐकू जाऊ लागलं. बाळंतिणीला दूध उतरायला शेवग्याचा पाला घातलेलं माशाचं सार द्यायचं, हे तिथे कुणी कुणाला शिकवावं लागत नाही. तेव्हा एका सकाळी लुदिविना पहिल्यांदाच पोलिकार्पियोच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. खुर्चीत एल्पिदियो होता, बाकावर आणखी दोघं-तिघं.

"नोंग, रोसाविलाला दूध येत नाही. थोडा पाला द्या."

किती दिवसांनी कुणीतरी मागायला आलं होतं, आणि ती लुदिविना होती. पोलिकार्पियोच्या मनात साठलेलं सगळं एकदम जिभेवर आलं.

"कुंपणावर एवढं रान माजवलंयस, ते उकळून पाज की."

"पाजलं. उपयोग झाला नाही."

"मग हाँगकाँगहून मागव."

त्याला वाटलं, बाकावरचे हसतील. कुणी हसलं नाही. लुदिविनाने उलट उत्तर द्यावं म्हणून तो कात्री थांबवून वाट पाहत राहिला. ती वळली आणि निघून गेली.

एल्पिदियोने गळ्याभोवतीचं फडकं स्वतःच सोडलं आणि तो उठला.

"अरे, अर्धं डोकं राहिलंय!"

"राहू दे. माझी तिन्ही पोरं तुमच्या पाल्यावर वाढली, नोंग. तुम्ही शिव्या देत होतात, पण पाला देत होतात."

आणि एका बाजूने भादरलेलं, दुसऱ्या बाजूने झुडूप, असं डोकं घेऊन तो दिवसभर गावात तीनचाकी फिरवत राहिला. ज्याने विचारलं त्याला कारण सांगितलं. आणि ते डोकं बघून न विचारणारा माणूस गावात नव्हता.

दुसऱ्या दिवशी खुर्ची रिकामी. पोलिकार्पियोने कात्रीला धार लावली, आरसा पुसला, रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला मनातल्या मनात नावं ठेवली. कुंपणापलीकडे बाळ रडतच होतं. दुपारी त्याने कोयता कमरेला खोचला. खालच्या फांदीला हात घातला, आणि थांबला. हा पाला जून होता. म्हणजे ती बाई गावभर सांगणार, म्हाताऱ्याने जून पाला दिला. द्यायचा तर शेंड्याचा कोवळा द्यायचा. त्याने खुर्ची झाडाला लावली आणि तो वर चढला. शेवग्यावर चढू नये, फांदी ठिसूळ असते, हे त्याने आळीतल्या एकूण एक पोराला ओरडून सांगितलेलं होतं. पण ते पोरांसाठी.

फांदी मोडली ती त्याला घेऊनच कुंपणावर आली. काठ्या मोडल्या, वेल लोळागोळा झाला, त्याची पिकलेली फळं फुटून म्हातारा जांभळाभोर झाला.

लुदिविना धावत बाहेर आली. "मेलात का?"

"नाही."

"मग माझ्या वेलावरून उठा."

त्याला उठता येईना. उजवं मनगट भलतीकडे वळलं होतं. तरी डाव्या हाताने त्याने फांदी पुढे केली. "कोवळा आहे. नंतर जून दिला म्हणून बोंबलू नकोस."

तिने फांदी घेतली, त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि रस्त्यावर जाऊन एल्पिदियोला हाक मारली. एल्पिदियोने त्याला तीनचाकीत घालून हाडवैद्याकडे नेलं. म्हाताऱ्याला पूर्ण वाटभर ते अर्धं डोकं मागून बघत बसावं लागलं. हाडवैद्य हाड बसवताना म्हणाला, "हे डोकं कुणी कापलं? त्याचे हात मोडायला हवेत." पोलिकार्पियो ओरडला, पण ते मनगट दुखलं म्हणून.

संध्याकाळी आलं घातलेल्या माशाच्या साराचा एक वाडगा त्याच्याही घरी आला. त्यात पाला भरपूर होता. एक-दोन दिवसांत रोसाविलाला दूध आलं. पोलिकार्पियोने झाडाच्या बुंध्यावर थाप मारून सगळ्यांना ऐकवलं, "बघा!" सुईणीने मात्र त्याला तिथल्या तिथे झापलं. "झाडाचं काय घेऊन बसलात? या आजीने त्या पोरीला मिनिटभर डोळा लावू दिला नव्हता. आजी पडलेला न्हावी बघायला बाहेर धावली, तेव्हा कुठे ती झोपली." या एका बाबतीत दोन्ही शेजाऱ्यांचं एकमत झालं, की सुईणीला काडीचं कळत नाही.

त्याने माफी मागितली नाही. त्या तोंडाला ते काम कधी शिकवलेलंच नव्हतं. पण पाला मागायला लोक पुन्हा येऊ लागले, आणि त्याचा हात बांधलेला असल्यामुळे आता त्यांना फांदी स्वतः ओढून घ्यावी लागे. एल्पिदियोने उरलेलं डोकं बायकोकडून कापून घेतलं. ते आधीपेक्षा वाईट दिसत होतं, आणि पोलिकार्पियोला ते ऐकवल्याशिवाय राहवलं नाही.

पुढच्या महिन्यात लुदिविना फाटकाशी आली. "रविवारी बाळाचा बाप्तिस्मा आहे. धर्मपिता हवाय. चांगली माणसं सगळी कामात आहेत, म्हणून तुमच्याकडे आले."

"पोरगं आजीच्या वळणावर गेलंय. देखणं निघणार नाही, आधीच सांगतो."

"येणार की नाही?"

"शर्टाला इस्त्री कोण करणार? हात हा असा."

लुदिविनाने हात पुढे केला. "आणा तो शर्ट. आणि धुतलेला द्या, नोंग."