घसरलेला रविवार

तुम्ही हसणार हे गृहीत धरूनच सांगते. हा किस्सा आमच्या ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे, मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये अर्धवट माहीत आहे आणि एका दूरच्या थंड देशात तर पुराव्यासकट माहीत आहे. मग तुम्हीच का मागे राहायचं? चहा घ्या. फक्त मधेच "अगं, पण तुझ्या लक्षात कसं आलं नाही?" असं विचारू नका. ते मी स्वतःला रोज विचारते.

तर, मी वेबसाइट बनवते. ऑफिस अंधेरीला, आठवड्यातून दोनदा जायचं, बाकी काम घरून. आता वेबसाइट बनवायची म्हणजे सगळं स्वतः लिहायचं असं नसतं. जगभरातल्या भल्या माणसांनी जावास्क्रिप्टमध्ये तयार तुकडे लिहून ठेवलेले असतात, त्याला लायब्ररी म्हणतात. आपण इडलीचं तयार पीठ आणतो ना, तसंच ते. आम्ही घाटकोपरच्या एका दवाखान्यासाठी अपॉइंटमेंटचं पान करत होतो, आणि त्यात अशीच एक कॅलेंडरची लायब्ररी लावली होती.

ही लायब्ररी त्या दूरच्या थंड देशातली इंग्रिड नावाची एक बाई सांभाळते. स्वतःची नोकरी करून, उरलेल्या वेळात, फुकट. कुणाला चूक सापडली तर तिच्या चर्चेच्या पानावर लिहायची. सुधारणा करून पाठवली आणि तिला पटली, तर आभाराच्या पानावर तुमचं नाव चढतं. आमच्या ऑफिसातल्या कुणाचंही नाव कुठल्याच लायब्ररीत नव्हतं. मला ते हवं होतं. खोटं कशाला बोलू, पगारवाढीपेक्षा जास्त हवं होतं.

आणि मला चूक सापडली.

झालं असं, की माझ्या नेहमीच्या ब्राउझरमध्ये कॅलेंडर झकास दिसत होतं. पण प्रत्येक ब्राउझरचे नखरे वेगळे, म्हणून तेच पान मी दुसऱ्या एका ब्राउझरमध्ये उघडलं. बघते तर रविवार घसरलेला! एका ओळीत सात तारखा बसायला हव्यात, तर सहाच बसत होत्या. सातवी खाली उतरून सोमवारच्या खाली जाऊन बसली होती, आणि तिथून पुढचे सगळे वार चुकलेले. मंगळवारचा पेशंट भलत्याच दिवशी दारात उभा राहणार. माझ्या अंगावर आनंदाने काटा आला.

ऑफिसात माझ्या शेजारी फ्रान्सिस बसतो, बोरिवलीच्या गावठाणातला. मी त्याला म्हटलं, तुझ्या लॅपटॉपवर, याच ब्राउझरमध्ये बघ.

"माझ्याकडे बरोबर दिसतंय गं."

"नीट बघ ना."

"बघितलं. सात आहेत. मोजून दाखवू?"

"तुझं व्हर्जन जुनं असेल."

"कालच अपडेट केलंय यार."

"मग तुझ्या मशीनमध्ये लोचा आहे."

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. कुणालाही चूक दाखवली की तो म्हणतो, "माझ्या मशीनवर तर चालतंय." हे ऐकून ऐकून आमचे कान किटलेत. असं म्हणणारा माणूस हमखास चुकीचा असतो, अशी आमची सगळ्यांची पक्की समजूत. त्यामुळे फ्रान्सिसने तेच म्हटल्यावर माझी खात्रीच पटली. आपलं मशीनही मशीनच असतं, हा विचार मनाला शिवला नाही.

मी चर्चेच्या पानावर लांबलचक लिहिलं, ब्राउझरचं नाव घेऊन त्याची पार लाज काढली. इंग्रिडचं उत्तर आलं, "मी करून पाहिलं, मला दिसत नाही. आणखी माहिती द्याल का?" मग कोण कुठले दोघेतिघे आले. त्यांनाही दिसत नव्हतं.

एखाद्या शहाण्या बाईने इथे थांबून विचार केला असता. मी काय लिहिलं माहितीये? "तुमच्याकडे महागडे कॉम्प्युटर आहेत. भारतातल्या सामान्य माणसाचाही विचार करा." आणि हे कशावर बसून लिहिलं, तर कंपनीने दिलेल्या कोऱ्या करकरीत लॅपटॉपवर.

बिचारीने माफी मागितली हो माझी. सुट्टीच्या दिवशी भावाकडे जाऊन त्याचा जुना लॅपटॉप आणला, त्यावर तपासलं. तिथेही सातच. तरी तिने लिहिलं, "मला दिसत नसलं तरी तुमच्या डोळ्यांवर माझा विश्वास आहे. सुधारणा पाठवा." हे आठवलं की आजही मला कुठेतरी तोंड लपवावंसं वाटतं.

मी सुधारणा पाठवली. हा ब्राउझर असेल तर तारखांचे चौकोन जरा अरुंद करायचे, म्हणजे सातही मावतील. तेही सढळ हाताने, परत कटकट नको म्हणून. तिने ती लायब्ररीत घातली आणि आभाराच्या पानावर माझं नाव चढलं. सायली परब, मुंबई.

घरी पप्पांना दाखवलं. पप्पा विक्रोळीच्या कारखान्यातून रिटायर झालेले. आता दुपारी माझा लॅपटॉप घेऊन सिंधुदुर्गातला पेपर वाचणं हा त्यांचा मुख्य उद्योग. त्यांना लायब्ररी म्हणजे काय ते कळलं नाही, पण नाव कळलं. संध्याकाळपर्यंत वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना माहीत, की परबांच्या सायलीने फॉरेनच्या लोकांची चूक काढली. आणि मी? मी लिफ्टमध्ये नम्रपणे मान हलवत होते.

मग तक्रारी सुरू झाल्या.

ज्यांचं कॅलेंडर आजवर नीट चाललं होतं, त्यांचं माझ्या कृपेने वाकडं झालं. वारांची नावं होती तिथेच आणि तारखा अरुंद होऊन डावीकडे सरकलेल्या. ओळीच्या शेवटची तारीख शनिवारची की रविवारची, कळायला मार्ग नाही. चर्चेच्या पानावर माणसं धावून आली. जो तो विचारतोय, हा दिव्य कोड कुणाचा? आणि शेजारीच माझं नाव, गावासकट.

इंग्रिडने तरीही मला झापलं नाही. म्हणाली, "आपण व्हिडिओ कॉलवर एकत्र बघू. तुमची स्क्रीन दाखवाल का?" मी घरी होते. फ्रान्सिस बोरिवलीहून कॉलवर आला, "सोबत म्हणून," असं म्हणत. पप्पा माझ्या मागे खुर्चीत, पेपर वाचायला लॅपटॉपसाठी नंबर लावून बसलेले.

मी माझ्या सुधारणेआधीचं, जुनं पान त्याच ब्राउझरमध्ये उघडलं. रविवार घसरलेला! "दिसलं?" मी म्हटलं. खरं सांगते, माझ्या आवाजात विजय होता.

इंग्रिड चाट पडली. मग म्हणाली, "या ब्राउझरची सगळी सेटिंग पहिल्यासारखी करून बघू या का?" मी सेटिंगचं पान उघडलं. तेवढ्यात मागून पप्पा कळवळून ओरडले.

"गो सायली, त्या सेटिंगाक हात लावू नको! तू माझी अक्षरां मोठी केलंस ती बारीक होतली. मगे माका पेपर वाचूक गावाचो नाय."

मी माउस सोडला.

हा दुसरा ब्राउझर मी पप्पांना दिला होता. आणि त्यांच्या डोळ्यांना त्रास नको म्हणून त्यातलं प्रत्येक पान कायम थोडं मोठं दिसेल असं करून ठेवलं होतं. मीच. स्वतःच्या हाताने. अशा अर्ध्यामुर्ध्या मापाने पान वाढवलं की प्रत्येक चौकोन केसभर जास्त जागा खातो, आणि सात केसांपायी सातवा बाहेर पडतो. ब्राउझर निर्दोष होता. फ्रान्सिस निर्दोष होता. भावाचा लॅपटॉप आणायला गेलेली ती बाई तर किती निर्दोष होती.

मला त्या क्षणी काय सुचलं असेल? इंग्रिडला मराठी येत नाही, हे सुचलं. हे सांगताना माझीच मला किळस येते, पण मी तोंड उघडून म्हटलं, "माझं नेट जरा..."

"सायली," फ्रान्सिस मराठीत म्हणाला, "तू सांगतेस की मी सांगू?"

इकडे इंग्रिड काळजीने विचारतेय, "तुमचे वडील काय म्हणाले? काही अडचण आहे का?"

मग काय करणार? मी पप्पांचं मालवणी इंग्रजीत करून दिलं. शब्दन् शब्द. आयुष्यात इतकं कठीण भाषांतर मी केलेलं नाही.

तिने लगेच तेच जुनं पान स्वतःकडे तेवढंच मोठं केलं. "अरे, माझ्याकडेही घसरला," ती म्हणाली. चिडली नाही, उलट खूश झाली. म्हणजे चूक लायब्ररीतच होती, पण ती ज्यांना मोठी अक्षरं लागतात त्यांच्या वाट्याला येत होती, आणि अशी माणसं जगात कमी नाहीत. तिने जाता जाता पप्पांचं नाव विचारलं. मला वाटलं, चांगल्या घरची आहे, चौकशी करतेय.

दोन दिवसांत तिने माझा कोड काढून टाकला आणि स्वतः व्यवस्थित दुरुस्ती केली. कोड गेला की त्याच्याबरोबर नावही जातं, तसा नियमच आहे. तरी मी आशेने आभाराचं पान उघडलं. माझ्या जागी नवीन ओळ होती. "वसंत परब, मुंबई. यांच्यामुळे खरी चूक सापडली."

पप्पांना दाखवणं भागच होतं. त्यांनी चष्मा लावून, मोठ्या अक्षरांत, ती ओळ चार वेळा वाचली. मग माझा चेहरा पाहून त्यांना वाईट वाटलं असावं. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले,

"तू नाराज होव नको गो. तुझा पण नाव घालूक सांग त्यांका. लॅपटॉप तुझोच होतो मा."