एका खोलीतली दोन सरकारं

कोरीट गावच्या शाळेत मी मास्तर होतो आणि त्याच खोलीत पोस्टमास्तरही. शाळा मुंबई प्रांताची, पोस्ट दिल्लीचं. शाळा अकराला भरे आणि टपालाची थैलीही अकरालाच येई. मुलांना पाढे म्हणायला लावून मी पत्रं वाटायचो. वर्षानुवर्षं कोणाचं काही बिघडलं नाही.

मग सदतीस साली प्रांतात निवडणुका होऊन लोकांचे मंत्री आले. कुठला कारभार प्रांताचा, कुठला दिल्लीचा, याच्या याद्या वर्तमानपत्रात छापून आल्या. मी कोणाचा, ते मात्र कुठल्याच यादीत नव्हतं.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तोंडावर शाळा तपासायला नवे डिप्टी साहेब आले. मी पत्रांवर शिक्के मारत होतो.

"शाळेच्या वेळेत हे काय? तुम्ही प्रांताचे नोकर आहात!"

"अकरा वाजता दिल्लीचाही असतो, साहेब."

"मग दिल्लीनं आपली वेळ बदलावी. पाचपर्यंत एकाही पत्राला हात लावायचा नाही."

तेवढ्यात दारात एक म्हातारी आली. तिचा एकुलता एक मुलगा सुरतेच्या गिरणीत गेला होता. तीन महिने त्याचं पत्र नव्हतं. ती रोज यायची आणि रोज मी मान हलवायचो. आज पत्र आलं होतं, माझ्या हातातच होतं.

"मास्तर, मन्हा आंडोरनं पत्तर उनं का?"

मी पत्र उंचावून दाखवलं.

"पाचनंतर या," साहेबच म्हणाले. "मास्तरांना आता बंदी आहे."

म्हातारी शेतातल्या कापसाच्या पऱ्हाट्या उपटायचं काम टाकून आली होती. तिनं सरळ माझ्या हातातलं पत्र घेतलं आणि साहेबांपुढे धरलं.

"मास्तरले बंदी शे ना? मंग तुम्ही वाची दाखाडा, भाऊ. तुम्हले वाचता येस ना?"

सगळा वर्ग साहेबांकडे बघत होता. शिक्षणखात्याच्या माणसाला नाही म्हणण्याची सोय नव्हती. त्यांनी चष्मा लावला. मुलगा तापानं दोन महिने दवाखान्यात पडून होता, आईला घोर नको म्हणून कळवलं नव्हतं, आता आखाजीला येणार होता. 'माय, तुन्ही भाकर याद येस' या ओळीवर साहेबांचा आवाज अडकला. म्हातारीनं पुन्हा वाचायला लावलं. ते दुसऱ्यांदाही तिथेच अडकले.

"त्याले लिखी द्या, लवकर ये म्हणा," ती डोळे पुसत म्हणाली.

साहेब माझ्याकडे वळले. "एक कार्ड द्या."

"पाचनंतर, साहेब."

त्यांनी असं काही पाहिलं की मी निमूट कार्ड काढून दिलं.

पंधरवड्यात मला दोन कागद आले. शाळाखातं विचारत होतं, शाळेच्या वेळेत टपाल का चालतं? पोस्टखातं विचारत होतं, टपालाच्या वेळेत परका इसम पत्रं का हाताळतो? पहिल्याला मी कळवलं की त्या दिवशी टपालाचं काम खुद्द डिप्टी साहेबांनी केलं. दुसऱ्याला कळवलं की तो इसम प्रांताचा आहे, दिल्लीनं प्रांताला विचारावं. दोन्हीकडून पुन्हा अक्षर आलं नाही. पुढे लढाई लागली, मंत्री राजीनामे देऊन घरी गेले. थैली अकरालाच येत राहिली.

मुलगा मात्र आखाजीच्या आदल्या दिवशीच आला होता, वाळून काडी झालेला. आईला घेऊन शाळेत आला आणि खिशातून ते कार्ड काढून म्हणाला, "मास्तर, एवढं सुरेख अक्षर कोनं शे?"