प्रोसेसरची दोन वेळची धार

अक्कानं पेनड्राइव्ह काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "दोन्ही मशिनीवर हे चालवून दाखवा."

दुकानदारानं आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. शाहूपुरीतलं लहानसं दुकान. भिंतीला छतापर्यंत रिकामी खोकी. टेबलावर दोन कॅबिनेट चालू होती. एकात चार कोअरचा प्रोसेसर, दुसऱ्यात सहा कोअरचा. बाकी सगळं वरून सारखं. सहा कोअरचा सात हजारांनी महाग.

अक्का ही माझी थोरली बहीण. नेसरीत ती लग्नाच्या आमंत्रणाचे व्हिडिओ बनवते. फोटो, नावं, पाठीमागं सनई. तिचा जुना संगणक पाच मिनिटांचा व्हिडिओ तयार करायला पाऊण तास घेई आणि कधीकधी मधेच बंद पडे. गेल्या हंगामात तिची निम्मी गिऱ्हाइकं गडहिंग्लजच्या एका स्टुडिओकडे गेली. म्हणून तिनं म्हैस विकली. घरात ती एकच होती. सासूबाई काही बोलल्या नाहीत, आणि अक्काच्या मते तेच वाईट होतं. आता संगणक चुकीचा निघाला तर घरात दूधही नाही आणि कामही नाही.

नेसरीहून सकाळी सातच्या एसटीनं निघालो. गडहिंग्लजला गाडी बदलली. संकेश्वर, निपाणी, कागल करत कोल्हापूरला पोचायला साडेदहा झाले. स्टँडपासून शाहूपुरी पायी दहा मिनिटं. वाटेत मी अक्काला माझा तक्ता दाखवला. दोन आठवडे खपून केला होता: कुठला प्रोसेसर कुठल्या चाचणीत किती पुढे, रुपयामागे किती काम. तक्त्याप्रमाणे सहा कोअरचा घेणं शहाणपणाचं होतं. अक्कानं तो नीट पाहिला, घडी घालून पर्समध्ये ठेवला. हे आकडे कुणी काढले, एवढंच विचारलं. मी म्हणालो, चाचणी करणाऱ्यांनी. ती म्हणाली, त्यांनी त्यांची मशीन बघितली.

दुकानदारानं पेनड्राइव्हमधला व्हिडिओ दोन्हींवर तयार करायला लावला. चार कोअरला सहा मिनिटं लागली, सहा कोअरला चार. मी अक्काकडे पाहिलं. दुकानदारानं पावतीपुस्तक पुढं ओढलं.

अक्का म्हणाली, आम्ही जेवून येतो, मग परत चालवायचं. ह्या वेळी ओळीनं पाच व्हिडिओ, मधे न थांबता.

"पावणं," दुकानदार मला म्हणाला, "ह्यो कंप्युटर हाय. म्हस न्हाय."

"व्हय की," अक्का म्हणाली. "म्हशीचं तोंड बघून तरी कायतरी कळतं."

तो हसला. त्याच्याही गावाकडं म्हशी होत्या. पुढचं समजावून सांगावं लागलं नाही. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: म्हैस विकणारा कधीकधी आदल्या वेळची धार काढतच नाही. कास भरलेली दिसते, पहिल्या धारेला चरवी भरते. म्हणून आमच्याकडं घेणारा मुक्कामाला राहतो. संध्याकाळची धार आपल्यासमोर, सकाळची आपल्यासमोर. पैसे त्यानंतर.

जेवायला स्टँडमागच्या खानावळीत गेलो. आम्ही शाकाहारी, तेव्हा मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा सोडून दिला. अख्खा मसूर आणि रोटी मागवली. दोघांचे दोनशे चाळीस झाले. अक्का फारशी जेवली नाही. नेली त्या दिवशी म्हैस दावं ओढत पुन्हा गोठ्यातल्या खांबाकडंच वळत राहिली, असं तिनं मला तेव्हा सांगितलं. मग पाणी प्याली आणि चल म्हणाली.

दुकानात दोन्ही संगणकांवर पाच-पाच व्हिडिओ लागले. मी घड्याळ धरलं. सहा कोअरनं पहिला चार मिनिटांत दिला. दुसऱ्याला साडेचार. तिसऱ्यापर्यंत पंख्याचा आवाज बोलण्याच्या वर गेला आणि सहा मिनिटं झाली. चौथा आठ मिनिटांनी आला, पाचवाही आठच. चार कोअर पहिल्यापासून शेवटपर्यंत सहावर राहिला.

दुकानदारानं कॅबिनेटवर हात ठेवला आणि काढून घेतला. त्यानं लपवलं काही नाही. ह्या किमतीत सहा कोअर बसवायचा तर पंखा लहान आणि मदरबोर्ड हलका द्यावा लागतो, म्हणाला; तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. मोठा पंखा, जड बोर्ड घातला तर आणखी पाच हजार. गिऱ्हाईक पाच मिनिटं बघतं आणि घेऊन जातं. ओळीनं पाच व्हिडिओ त्यानं स्वतःही कधी चालवून पाहिले नव्हते.

माझ्या तक्त्यात चूक नव्हती. त्या चाचण्या चांगल्या पंख्याच्या, गार खोलीतल्या होत्या. मार्च-एप्रिलमधली, पत्र्याखालची नेसरी त्यांत नव्हती. स्वस्त वस्तूची किंमत कळायला तिच्या वाईट वेळी तिच्यासमोर बसावं लागतं; मी कागदासमोर बसलो होतो.

अक्कानं चार कोअरचा घेतला. वाचलेल्या सात हजारांतून वीज गेल्यावर चालणारी बॅटरी घेतली. ज्यांना असा संगणक घ्यायचा आहे त्यांनी आपलं रोजचं काम बरोबर न्यावं आणि दिवस मोकळा ठेवावा. मॉनिटर जुना चालतो.

परतीच्या गाडीत कॅबिनेट अक्काच्या मांडीवर होतं. कंडक्टरनं ह्यात काय आहे विचारलं. कंप्युटर म्हटल्यावर म्हणाला, "मग मांडीवर कशाला? सीट रिकामी हाय की."

"ऱ्हाऊ दे," अक्का म्हणाली. कागल गेलं, निपाणी गेली. तिनं ते खाली ठेवलं नाही.

घरी पोचल्यावर सासूबाईंनी जेवण वाढलं. खोक्याकडे एकदा पाहिलं. किती लागले, हे त्यांनी विचारलं नाही, आणि अक्कानंही सांगितलं नाही.

सकाळी सहाला अक्कानं पहिला व्हिडिओ लावला आणि तो होईपर्यंत डेअरीत जाऊन आली. इतकी वर्षं ती तिथं दूध घालायला जायची. त्या दिवशी तिनं अर्धा लिटर विकत आणलं. व्हिडिओ तयार झाला होता. सासूबाईंनी चहा ठेवला.