घडीच्या सायकलचं हँडल

आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलं नाही. मी गेले, बी.एस्सी. झाले आणि भंडाऱ्यात एका खाजगी लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामाला लागले. हे सांगताना मी मान खाली घालत नाही.

अडचण रस्त्याची होती. घर कोंढ्याच्या बाहेर, शेताला लागून. तिथून बसथांबा लांब. भंडाऱ्यात उतरलं की लॅब पुन्हा गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि सकाळी तिकडे ऑटो मिळत नाही. पायी गेलं की उशीर. लॅबवाल्या सरांनी मला अजून कायम केलं नव्हतं, आणि उशिरावरून त्यांचं बोलून झालं होतं. पुन्हा उशीर झाला तर येऊच नका, इतकं स्पष्ट. म्हणून नागपूरहून कोणाची तरी जुनी घडीची सायकल आणली. चाकं लहान, मधून दुमडते, बसमध्ये नेता येते. बाबा तिच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "सायकल हाये का खाट?"

"खाटच समजा. पण चालते."

बसमध्ये मी ती मागच्या सीटच्या बाजूला उभी करायची. लगेजचं तिकीटही काढायची. पण घडी नीट बसत नव्हती. हँडलचा उभा खांब खाली पाडला की हँडलचं एक टोक वाटेत बाहेर यायचं. रोज कोणाच्या तरी कमरेला लागायचं.

"ताई, घडी केली तं पुरी करा ना," कंडक्टर म्हणायचा. "हे शिंग काहून बाहेर आलं?"

"मारकं हाये वाटते," अड्याळच्या बाजाराला जाणारी एक म्हातारी म्हणाली. बस हसली. मी हसले नाही.

मग एक दिवस त्याच म्हातारीचं लुगडं त्या टोकात अडकलं आणि टर्रकन फाटलं. ती हसायची थांबली. कंडक्टरने घंटीची दोरी धरूनच निकाल दिला, "सोमवारपासून शिंग दिसलं, तं तुमी वर आन् सायकल खाली."

रविवारी मी सायकल अंगणात घेऊन बसले. मोबाईलवर घडीच्या सायकलींचे फोटो पाहिले. तोपर्यंत मलाही हँडल म्हणजे हँडल असंच वाटत होतं. पण त्यांच्यात जाती असतात. एक सरळ, कावडीच्या दांडीसारखं. एक उठावाचं, मध्ये खाली आणि दोन्ही टोकं वर. एक त्याहून खोल, इंग्रजी एम अक्षरासारखं. एक तर जिलबीसारखं वळवलेलं. ते म्हणे लांबच्या प्रवासाला, हात बदलून बदलून धरायला. आणि काहींचं हँडल खांबालाच जोडून टाकलेलं, ते बदलताच येत नाही.

माझं कोणतं, हे नुसतं पाहून कळेना. खांबापाशी फूटपट्टी आडवी धरली. दोन्ही मुठी पट्टीच्या चांगल्या वर होत्या. म्हणजे उठावाचं. खांबाच्या डोक्यावर स्क्रू होते, म्हणजे निघणारं. तो उठावच घडी केल्यावर बाहेर येत होता. सरळ हँडल बसवलं की शिंग जाईल. मी मोजल्याशिवाय बोलत नाही, आणि मोजल्यावर मागे घेत नाही.

त्याच दुपारी बसने भंडाऱ्याला गेले. तिथल्या सायकल दुकानदाराला ते पटेना.

"मॅडम, हँडल म्हणजे हँडल. धरायचं आन् चालवायचं."

"मग बैलाची शिंगं कशीही असली तरी चालतं का?"

"हाव ना! बैल का शिंगानं चालते?"

तरी त्याने हँडल बदलून दिलं. ब्रेकच्या तारा नव्याने ओढल्या, खांब खाली पाडून दाखवला. हँडल सायकलीला चिकटून बसलं. मग मी चालवून पाहिली, तेव्हा दुसरी गोष्ट कळली. उठावाच्या हँडलला खांब आखूड देतात, कारण उरलेली उंची हँडलच भरून काढतं. आता खांब तोच आखूड, हँडल सरळ. मुठी खाली गेल्या, आणि त्यांच्यामागे मी.

"उंच खांब आहे का?"

"ह्या सायकलचा नाही भेटत. पहिलेवालं बसवून देऊ का वापस?"

पहिलं बसवलं तर बस नाही. बस नाही तर लॅब नाही. "राहू द्या," मी म्हटलं.

सोमवारी सकाळी थांब्याकडे निघाले. दिवस धानाच्या रोवणीचे. बांधीत गुडघाभर चिखल, आणि आई चार बायांसोबत डोक्यावर पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, जुड्या घेऊन त्याच रस्त्याने चाललेली. तिने मला येताना पाहिलं आणि थांबली.

"अशी काहून चालवतं वं? पोटात दुखते का?"

"हँडल खाली झालं. बसमध्ये मावावं म्हणून."

"म्हणजे शिकून बी वाकलीच." बाया हसल्या. "आमच्यासंग रोवणीले येतं का मंग? वाकाची सवय हायेच."

मी सायकल थांबवली. रोवणीत वाकायला लागू नये म्हणूनच मी शिकले, हे आईला माहीत होतं आणि मलाही. म्हणून उत्तर देणं भाग होतं.

"तू वाकून मागं मागं जातेस, आई. मी वाकून पुढं जाऊन राहिली."

रोवणारी बाई रोवत रोवत मागेच सरकते, हे खरंच आहे. पुढे गेली तर स्वतःचंच रोवलेलं तुडवेल.

आईने डोक्यावरचे पऱ्हे सावरले. "मांगं सरकू सरकूच तुले शिकवलं," म्हणाली, आणि बांधीकडे वळली.

बस आली. मी घडी केली. कंडक्टरने खाली उतरून सायकलीच्या बाजूने हात फिरवला.

"शिंग कुठं गेलं?"

"काढलं."

"मंग ठीक हाये. घ्या आत." त्याने लगेजचं तिकीट काढून दिलं. ती म्हातारी मागच्या सीटवर बसलेली होती. तिने पाय आखडून घेतले, बराच वेळ सायकलीवर नजर ठेवली. पण अड्याळ येईपर्यंत तिची पिशवी सायकलीवर टेकलेली होती.

भंडाऱ्यात उतरून मी सायकल उलगडली, खांब उभा केला, खिट्टी लावली. मग वाकले आणि लॅबकडे निघाले. वेळेत होते.