बादलीने आणलेला समुद्र

आमच्या घरात पाहुण्यांच्या खुर्चीवरही पत्रकांचे गठ्ठे असत. वडील यंत्रमाग कामगारांच्या संघटनेत, त्यामुळे कुठलीही गोष्ट मला आधी मथळ्यात दिसते. सोलापूरच्या कॉलेजात, कोकणच्या किनाऱ्यावरून आणलेलं पाणी तपासायला बसले तेव्हाही वहीत मथळा तयार होता : ‘जाळी खोटं बोलते!’

पाण्याबरोबर वाहणारे बारीक जीव, म्हणजे प्राणिप्लवक, पकडायच्या दोन पद्धती आम्ही ताडून बघत होतो. होडीमागून शंकूसारखी जाळी ओढायची, ही सरांची. त्याच जागचं पाणी बादलीने उपसून जाळीहून बारीक चाळणीतून गाळायचं, ही माझी. सरांनी बजावलं होतं, "जाळीतून सुटलेलं काही बादलीत सापडलं, तरच बादली प्रकल्पात राहील." माझा अर्धा प्रकल्प त्या बादलीवर उभा होता.

शेजारी मोडनिंबची मैत्रीण जाळीची बाटली तपासत होती. "समुद्र बादलीनं उपसनारी तू पयलीच गं. आमच्याकडं हिरीचं पानी चमच्यानं काढलं असतंस की!"

"तू मोज गुपचूप."

माझा पहिला थेंब रिकामा. दुसऱ्यातही नुसता गाळ. मग मायक्रोस्कोपचं भिंग बदललं आणि किंचाळलेच. तो गाळ नव्हताच! कणाकणाला पाय होते, डोक्यात ठिपक्याएवढा एकच डोळा.

"पिल्लं! सगळी पिल्लं आहेत!"

तिच्या बाटलीत प्लवकांची ही पिल्लं तुरळकच होती. बाकीची जाळीच्या भोकांतून निसटली होती. मी टेबलावर थाप मारली. "बघितलंस? मोठे तेवढे मोजायचे, आणि लहान नाहीतच म्हणायचं!"

"घोषना मागनं दे. आदी हे बघ."

तिच्या भिंगाखाली काचेसारखा लांबट किडा होता, तोंडाशी आकडे असलेला शिकारी. माझ्या बाटल्या एकेक करून उजेडाला धरल्या; नुसत्या डोळ्यांना दिसेल एवढा तो, पण एकाहीत नव्हता. मुळात विरळ, त्यात चपळ. बादलीभर पाण्यात कुठून येणार?

"आता बादली बी खोटं बोलती म्हनायचं व्हय?"

राग यायला हवा होता. अंगावर काटा आला, आनंदाने. मी मथळ्यावर काट मारली.

सर आले. दोन्ही मायक्रोस्कोपांवर आळीपाळीने वाकले.

"बादली राहू दे. पण लिहिणार काय?"

"जाळीतून काय सुटतं आणि बादलीतून काय सुटतं, ते."

"स्वतःच्या पद्धतीचंही?"

"बादलीचंच आधी, सर."

ते हसले आणि माझ्या भिंगाला पुन्हा डोळा लावून बसले. मोजायच्या बाटल्या रांगेत तशाच. आम्ही दोघी मागे ताटकळत.

"सर, उठा की आता," मैत्रीण शेवटी म्हणालीच.

सर काही उठले नाहीत.